‘नाही’ म्हणायला शिकवणारी भोंगामावशी

माझी धाकटी जाऊ बस स्थानकावर घोषणा करते. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी सामानाची काळजी घ्यावी, हे सगळं सांगणारा जो आवाज असतो ना, तो तिचा. माझ्या दिरानं तिच्याशी लग्न करायचं ठरवल्याचं घरात सांगितलं, तेव्हा सासूबाई कुणाला न सांगता स्थानकावर जाऊन बाकावर बसल्या आणि तासभर नुसता आवाज ऐकून परत आल्या. म्हणाल्या, “मुलगी ठणठणीत आहे. शब्द एकेक मोजून घ्यावा असा. फक्त आपल्या घराला माइकची गरज नाही, एवढं तिला कुणीतरी सांगा.”

तिला कुणी सांगितलं नाही आणि सांगून उपयोगही झाला नसता. ती स्वयंपाकघरातून “जेवायला चला” म्हणाली की शेजारच्या घरातली मुलंही हात धुवायला उठायची. माझ्या नवऱ्यानं तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं. तिला त्याचा राग यायचा नाही. उलट आला दिवस ती स्वतःच म्हणायची, “भोंगा निघाला कामावर, दार लावून घ्या.”

तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, तीही बोलली नाही. माझी मुलगी चिमणी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मी शाळांचे गणवेश शिवते. माझं मशीन दिवसभर धडधडत असायचं आणि चिमणी काकूच्या मागेमागे असायची.

तर स्थानकावर हरवलेली मुलं सापडत. रोज नाही, पण सुट्टीच्या दिवसांत हमखास. कुणी वाहक, कुणी पहारेकरी मुलाला धरून चौकशीच्या खोलीत आणायचा. धाकटी त्याला स्टुलावर बसवायची, पाणी द्यायची, नाव विचारायची आणि माइक सुरू करून सांगायची, अमक्या नावाची सहा वर्षांची मुलगी, अंगात पिवळा फ्रॉक, चौकशी खोलीत आहे, पालकांनी घेऊन जावं. आईबाप धापा टाकत यायचे, मूल रडायचं, आई मुलाला आधी धपाटा घालायची आणि मग पोटाशी धरायची. धाकटीनं असे कितीतरी धपाटे पाहिले होते.

त्या दिवशीही तसंच झालं. पिवळ्या फ्रॉकातली मुलगी, नाव सांगितलं, घोषणा झाली. थोड्याच वेळात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर घाम, अगदी घरच्या माणसासारखा कासावीस झालेला. मुलीला नावानं हाक मारून म्हणाला, “अगं कुठं होतीस तू? काकाचा जीव टांगणीला लावलास! चल, आई बाहेर थांबलीय.” मुलगी उठली. त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरलाही. पहारेकरी दार उघडायला वळला.

धाकटीच्या काय लक्षात आलं असेल? ती सांगते, “ताई, हरवलेलं मूल आपलं माणूस दिसल्यावर एकदा तरी त्याच्या तोंडाकडे बघतं. ही बघेचना. हात त्याच्या हातात आणि नजर फरशीवर.”

तिनं विचारलं, “बाळ, हे कोण तुझे?”

मुलगी फरशीकडेच बघत राहिली.

“हिच्या आईचं नाव काय हो?” तिनं त्या माणसाला विचारलं.

माणूस चिडला. “तुम्ही मला समजता काय? पोर घाबरलीय आणि तुम्ही उलटतपासणी घेताय?”

धाकटीनं माइकचं बटण दाबलं आणि सांगितलं, “पिवळ्या फ्रॉकातल्या मुलीच्या आईनं आहे तिथून चौकशी खोलीत यावं. तुमची मुलगी इथंच आहे आणि तुम्ही येईपर्यंत इथंच राहील.” तो माणूस म्हणाला, “थांबा, मीच तिच्या आईला घेऊन येतो.” गेला तो गेलाच. पहारेकरी मागोमाग धावला, पण तोवर तो गर्दीत मिसळला होता.

आई आली ती हातात पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन. नळावर पाणी भरायला म्हणून वळली आणि तेवढ्यात मुलगी नाहीशी झाली होती. बरोबर कुणी दीर नव्हता, भाऊ नव्हता, कुणीच नव्हतं. सगळं ऐकल्यावर तिनं बाटल्या खाली ठेवल्या. मुलीला म्हणाली, “अगं, ओळख ना पाळख, त्याच्याबरोबर निघालीस कशी?”

मुलगी म्हणाली, “तूच सांगतेस ना, मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं.”

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली ती माझ्या मशीनशेजारच्या कापडाच्या ढिगावर येऊन बसली. मी मशीन थांबवलं, कारण ती बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. असं आधी कधी झालं नव्हतं.

“त्याला तिचं नाव कुठून कळलं, ताई? माझ्याकडून. मीच ओरडून सांगितलं ना सगळ्या स्थानकाला. नाव, वय, फ्रॉकचा रंग. त्यानं फक्त येऊन ते मला परत ऐकवलं.”

दुसऱ्या दिवशी ती आगारप्रमुखांकडे गेली. मुलाचं नाव आणि कपडे आता माइकवरून सांगायचे नाहीत, पालकानं येऊन ते आपल्याला सांगायचं, असं तिचं म्हणणं. साहेब म्हणाले, “बाई, वर्षानुवर्षं असंच चाललंय.” ती म्हणाली, “साहेब, वर्षानुवर्षं मीच सांगत आलेय. म्हणून तर थांबवायला मीच आलेय.” साहेब माणूस बरा होता. त्यानं मान हलवली.

पण तिच्या डोक्यातून त्या मुलीचं उत्तर जाईना. चिमणीच्या वेण्या घालताना ती मधेच थांबायची आणि विचारायची, “चिमणे, तुला कुणी मोठ्या माणसानं चल म्हटलं तर तू काय करशील?” चिमणी म्हणायची, “कुठं?” जणू फिरायलाच न्यायचं होतं. धाकटी माझ्याकडे बघायची.

अशातच तिला कळलं की गावात एक संस्था आहे, मुलांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवणारी. शाळाशाळांतून वर्ग घेतात, त्यासाठी माणसं तयार करतात. धाकटीनं आपल्या सगळ्या रजा तिथं घातल्या. शिकवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकायला आलेल्या सगळ्यांना सांगितलं की, मुलांना अनोळखी माणसापासून जपायला सगळेच सांगतात. पण मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर, रोज भेटणारं कुणीतरी. धाकटी घरी आली ती विचारात पडून. म्हणाली, “मला वाटलं होतं, इस्त्रीच्या शर्टवाल्याला कसं ओळखायचं ते शिकवतील.”

आणि मग तिचा पहिला वर्ग झाला. त्याची गोष्ट आमच्या घरात अजून निघते, पण आता हसून निघते. तेव्हा नाही निघाली.

ती वर्गासमोर उभी राहिली आणि सवयीनं सुरू झाली, “सर्वांनी इकडे लक्ष द्यावं!” तिच्या मूळ आवाजात. पहिल्या रांगेतली मुलं जागच्या जागी दचकली. मग तिनं सांगितलं, वाईट माणसं कशी असतात, काय करतात, कुठं नेतात. दोन मुलं रडायला लागली. एक मुलगा बाकाखाली शिरला आणि निघेचना. दुसऱ्या दिवशी एका आईचा शाळेत फोन आला की, पोरगं एकटं न्हाणीघरातही जायला तयार नाही, तुम्ही कुणाला बोलावलं होतं?

धाकटी त्या परिचारिकाबाईंकडे गेली आणि म्हणाली, “मला जमायचं नाही. मी गाड्या सोडते तेच बरं.”

बाई म्हणाल्या, “तू त्यांना भीती दिलीस. भ्यालेलं मूल गोठून जातं, ते ना पळत ना बोलत. त्यांना युक्ती दे. आणि तुझा आवाज आहे ना, तो तुझ्याकडे ठेवू नकोस. त्यांना देऊन टाक.”

हे वाक्य ती घरी घेऊन आली आणि आमच्या घरात रंगीत तालीम सुरू झाली. रात्रीची जेवणं आवरली की बैठकीची खोली म्हणजे वर्ग. माझे दीर चष्म्याचं दुकान चालवतात, अतिशय सज्जन माणूस, गिऱ्हाईकाला महाग फ्रेम घ्या म्हणायलाही लाजतात. त्यांना फसवणाऱ्या माणसाचं काम मिळालं. चिमणीसमोर उभे राहून ते म्हणायचे, “बाळ, तुझ्या आईनं मला पाठवलंय, म्हणजे, तुझी हरकत नसेल तर, येतेस का?” धाकटी कपाळाला हात लावायची. “अहो, असं विचारलंत तर मुलंच तुम्हाला घरी पोचवतील!” मग माझा नवरा पुढे व्हायचा. त्याला ते काम फारच छान जमायचं आणि मला थोडी काळजी वाटायची.

घराचा परवलीचा शब्दही तेव्हाच ठरला. आईनं पाठवलंय असं कुणी म्हणालं, तर मुलानं तो शब्द विचारायचा. येणाऱ्याला सांगता आला नाही, तर जायचं नाही, मग तो सख्खा काका का असेना. सासूबाईंनी इतका लांबलचक शब्द सुचवला की तो त्यांनाच दुसऱ्या दिवशी आठवेना. शेवटी चिमणीनं ठरवला. तो मी इथं सांगणार नाही, अजून चालू आहे.

मग आवाजाचा धडा. “पोटातून,” धाकटी चिमणीला सांगायची, “घशातून नाही. पोटावर हात ठेव. आता म्हण.” चिमणी म्हणायची, “नाही.” धाकटी म्हणायची, “ही विनंती झाली. मला नकार पाहिजे.” आठवडाभरात चिमणीच्या “नाही!”नं खिडकीतली मांजर उडाली. त्याच खोलीत तिनं चिमणीला हेही सांगितलं की, पोहण्याच्या पोशाखानं झाकली जाते ती जागा फक्त तुझी. आजारपणात डॉक्टर बघतील ते आई जवळ असताना. बाकी कुणी हात लावला, लाव म्हणालं, दाखव म्हणालं, तर नाही म्हणायचं, तिथून निघायचं आणि येऊन सांगायचं. ज्याला सांगितलं त्यानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगायचं. तिसऱ्याला सांगायचं. ऐकणारं माणूस मिळेपर्यंत सांगायचं. मी मशीनवर बसून ऐकत होते. मला लहानपणी हे कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं. इतकं साधं असतं हे, असं मला वाटत राहिलं.

याची पहिली परीक्षा घरातच झाली. सासूबाईंचे भाऊ, म्हणजे आमचे मामेसासरे, राहायला आले होते. माणूस मोठा प्रेमळ, पण त्यांचं प्रेम म्हणजे मुलांचे गाल ओढणं आणि पकडून पापे घेणं. वाईट त्यात काही नव्हतं. आम्हा सगळ्यांचे गाल त्यांनी ओढले आहेत. त्यांनी चिमणीला मांडीवर ओढलं, तशी ती पोटावर हात ठेवून म्हणाली, “नाही! मला नको!”

मामांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “काय गं हे? आजोबांशी असं बोलतात? कोण शिकवतं पोरीला असलं?”

धाकटी उभी राहिली, पण ती धाकटी सून. तिनं मामांना काही सुनावणं म्हणजे घरात चार महिने पुरेल एवढा विषय. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. हात पुसत पुसत त्यांनी भावाला सांगितलं, “दादा, सोड तिला. नको म्हटलंय ना तिनं? मग नको.”

“अगं, मी काय परका आहे?”

“परका नाहीस म्हणून तर तुझ्यावर सराव झाला. आज तुला नाही म्हणता आलं, तरच उद्या दुसऱ्या कुणाला म्हणता येईल. आणि शिकवतं कोण विचारलंस ना? माझी सून शिकवते.”

‘माझी सून’ हे दोन शब्द त्या अशा काही ठसक्यात म्हणाल्या की धाकटी आत निघून गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मामा दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी लांबूनच चिमणीला विचारलं, “टाळी चालेल का गं?” चिमणीनं जरा विचार केला आणि दिली.

दुसऱ्या वर्गापासून धाकटीचं गाडं रुळावर आलं. ती आता वर्गात शिरताना अगदी हळू बोलायची, इतकं की मुलं ऐकायला पुढे सरकायची. मग म्हणायची, “मला लोक भोंगा म्हणतात. का ते ऐकायचंय?” मुलं हो म्हणायची. “मग आधी तुमचा ऐकवा.” आणि मग सबंध वर्ग पोटावर हात ठेवून ओरडायचा. शेजारच्या वर्गातले सर धावत यायचे. मुलं तिला भोंगामावशी म्हणायला लागली. मी गणवेश पोचवायला कुठल्याही शाळेत गेले की मुलं विचारायची, “तुम्ही भोंगामावशींच्या ताई ना?” माझं इतक्या वर्षांचं शिवणकाम एका बाजूला आणि ही ओळख एका बाजूला. पण खरं सांगते, मला ती आवडायची. मी उगाच जास्तीची बटणं देऊन यायचे.

सगळ्यांनाच हे पसंत होतं असं नाही. एका शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला कार्यालयात बोलावून सांगितलं, “तुमच्या वर्गानंतर मुलं उलट उत्तरं देतात. एकानं गृहपाठालाही नाही म्हटलं, तेही पोटावर हात ठेवून.”

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. म्हणाली, “बाई, त्याला गृहपाठ करायला लावाच. पण तो मोठ्या माणसासमोर उभा राहून नाही म्हणू शकला, हे मला आवडलं. कुठं नाही म्हणायचं ते शिकवता येतं. पण ज्याला म्हणताच येत नाही त्याला ऐन वेळी कोण शिकवणार?” मग तिनंच सुचवलं की आधी आईबापांचा वर्ग घेऊ. मोठ्या बाईंनी नाइलाजानं होकार दिला. त्या वर्गात त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, हाताची घडी घालून. वर्ग संपला तेव्हा घडी सुटलेली होती आणि त्या विचारत होत्या, “पुढच्या इयत्तांचं कधी करायचं?”

आता जे सांगणार आहे, त्यातलं मला पुरतं माहीत नाही. ते कोणत्या शाळेत झालं, मुलगी कोण, मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की, एका वर्गात तिनं गुपितांबद्दल शिकवलं होतं. काही गुपितं गमतीची असतात, वाढदिवसाच्या भेटीसारखी. ती पुढे सगळ्यांना कळणारच असतात. पण ज्या गुपितानं पोटात दुखतं, जे कुणाला सांगितलंस तर बघ असं कुणी बजावतं, ते गुपित ठेवायचं नसतं. वर्ग सुटला. मुलं गेली. एक मुलगी दप्तर भरत मागं राहिली. दप्तर केव्हाच भरून झालं होतं, तरी भरत राहिली.

धाकटी तिच्याजवळ गेली नाही. ती तिच्यापासून थोडी दूर जमिनीवरच बसली आणि फळा पुसायचं फडकं घडी करत बसली. मुलगी म्हणाली, “मावशी, ते गुपित आपल्या ओळखीच्या माणसाचं असलं तरी सांगायचं?”

“तरी सांगायचं.”

“तो आईलाही आवडत असला तरी?”

“तरी.”

मग मुलीनं सांगितलं. धाकटी मधे बोलली नाही, प्रश्नांची सरबत्ती केली नाही. फक्त शेवटी म्हणाली, “तू सांगितलंस, फार धीराचं काम केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. आता हे मी एकटी माझ्याजवळ ठेवणार नाही, तुला सुरक्षित ठेवणाऱ्या मोठ्यांना सांगणार आहे, आणि मी तुझ्याबरोबर असेन.” मग ती उठली आणि जे करायचं ते सगळं केलं. आधी शाळेला आणि आईला सांगितलं, मग त्या आईचा हात धरून पोलिसांकडे गेली. कुणीतरी म्हणालं, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. त्या माणसाचं नाव मोठं असावं किंवा ओळखी मोठ्या असाव्यात, मला ठाऊक नाही. धाकटी म्हणाली, “मिटवायला मी आलेली नाही.” आणि तिथंच खुर्चीवर बसून राहिली, तक्रार नोंदवून घेईपर्यंत.

त्या काळात ती घरी येऊन नुसती बसायची. सासूबाई तिच्यासमोर चहाचा कप ठेवायच्या आणि काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. पुढे एकदा तिनं आपण होऊन सांगितलं, “ताई, तो आत गेला. आणि ती शाळेत जातेय, हसतेय.” त्या दिवशी ती पुन्हा तिच्या मूळ आवाजात “जेवायला चला” म्हणाली आणि शेजारची मुलं आली.

पुरस्काराची बातमी आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. सगळ्या भागातून, मुलांना सुरक्षिततेचे धडे देणाऱ्या शिक्षकांमधून, वर्षातल्या सर्वोत्तम शिक्षकांना गौरवायचं संस्थेनं ठरवलं होतं. तिचं नाव कुणी सुचवलं असेल? गृहपाठवाल्या त्या मोठ्या बाईंनी. धाकटीला फोन आला तेव्हा ती कामावर होती. ती म्हणते, त्यानंतर तिनं एक गाडी चुकीच्या फलाटावर पाठवली. नोकरीतली तिची पहिली चूक. प्रवासी इकडून तिकडे धावले आणि तिला शिव्या देत धावले, आणि ही आत बसून हसत होती.

समारंभाच्या आधी संस्थेच्या एक संयोजक बाई घरी आल्या. तरुण, उत्साही. म्हणाल्या, “मावशी, मंचावर तुमच्याबद्दल वाचून दाखवायचंय. त्या मुलीचा प्रसंग घ्यायचा विचार आहे. नाव अर्थातच सांगणार नाही. पण लोकांच्या काळजाला भिडेल असा तोच आहे.”

धाकटीनं चहाचा कप खाली ठेवला. “तो प्रसंग माझा नाही, तिचा आहे. तिनं तो मला सांगितला, टाळ्यांसाठी नाही सांगितला. ती सभागृहात असली तर? तिची आई असली तर?”

“पण त्याशिवाय तुमच्या कामाचं मोठेपण लोकांना कळणार कसं?”

“नाही कळलं तर नाही कळलं,” धाकटी म्हणाली. “ते वाचायचं असेल, तर पुरस्कार दुसऱ्या कुणाला द्या. मला राग येणार नाही.”

ती हे अगदी सहज म्हणाली, मीठ द्या म्हणावं तसं. संयोजक बाई गोंधळल्या. म्हणाल्या, “चुकलंच माझं. नाही वाचणार.” त्या गेल्यावर माझे दीर, जे सहसा कुणाला काही म्हणत नाहीत, ते बायकोकडे बघून म्हणाले, “मला तुझा फार अभिमान वाटतो,” आणि लगेच चष्मा पुसायला लागले. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

तिचे समारंभाचे कपडे मी शिवले. इतकी वर्षं गणवेश शिवून माझा हात एकाच मापात बसलाय. पण ते कपडे शिवताना मी एक टाकाही घाईत घातला नाही. माझ्या नवऱ्यानं विचारलं, “पुरस्कार तिला आहे की तुला?” मी म्हटलं, “अर्धा घरातच आलाय.”

सभागृह भरलेलं होतं. इतर शिक्षकही होते. एकजण बहिऱ्या मुलांना खुणांच्या भाषेत हेच धडे द्यायचा, एकजण वस्तीवस्तीत जाऊन बाहुल्यांचे खेळ करायची. प्रत्येकाबद्दल ऐकताना धाकटी इतक्या जोरात टाळ्या वाजवत होती की पुढचे लोक वळून बघत होते. मग तिचं नाव पुकारलं. निवेदकानं ते चुकीच्या ठिकाणी तोडलं, आणि मला दिसलं, तिच्या चेहऱ्यावर क्षणभर व्यावसायिक नाराजी उमटली.

मंचावर वाचलं गेलं ते एवढंच, की या बाई बस स्थानकावर काम करून आपल्या सुट्टीच्या दिवशी शिकवतात, त्यांच्या मागणीमुळे स्थानकावरच्या घोषणेची पद्धत बदलली, आणि हजारो मुलांना त्यांनी नाही म्हणायला शिकवलं. मानचिन्ह तिच्या हातात दिलं. तिला दोन शब्द बोलायची विनंती केली.

तिनं समोरचा माइक थोडा बाजूला सारला. म्हणाली, “मुलांना मी बोलायला शिकवते. पण ती बोलतात तेव्हा ऐकायचं काम तुमचं आहे. ते शिकवायला मला कुणी बोलावत नाही. बोलवा. मी येईन.” आणि खाली उतरली. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

टाळ्या थांबेनात. सासूबाई उभ्या राहिल्या. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना त्या सांगत होत्या, “माझी सून. धाकटी. बाजूला बसलीय ती थोरली, तिनं कपडे शिवलेत.” माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

तिचं बोलणं लोकांनी मनावर घेतलं म्हणायचं. त्या वर्षी तिला आईबापांच्या वर्गांची इतकी बोलावणी आली की आमच्या स्वयंपाकघरातली कामं नव्यानं वाटून घ्यावी लागली. शाळेच्या गाड्या चालवणाऱ्यांनी बोलावलं, पोहायला शिकवणाऱ्यांनी बोलावलं. आता संस्थेनं तिच्यावर नवे शिक्षक तयार करण्याचं काम सोपवलंय. पहिल्या तुकडीच्या दिवशी मी सोबत गेले होते. वीसेक माणसं असतील, बायका जास्त. त्यांच्यात कुणी आजी होती, कुणी रिक्षावाला, कुणी नुकती शिक्षिका झालेली. प्रत्येकानं उठून आपण का आलो ते सांगितलं. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “मला कारण सांगायचं नाही. पण मला शिकायचंय.”

धाकटी त्यांच्याकडे बघून म्हणाली, “कारण सांगायची सक्ती नाही. या, पुढे बसा.”

त्या कोण, मी विचारलं नाही. धाकटीनं त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची सरळ केली, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि म्हणाली, “हात पोटावर ठेवा. मुलांना शिकवायच्या आधी तुमचा आवाज ऐकू दे.”